डाक्टर येनार म्हून सांगतलं होतं

२२ जून १९५७, शनिवार

शाळेच्या ओट्यावर पंचायतीची सभा. विषय एकच, ताप. पेरणीसाठी मुंबईच्या गिरण्यांतून जे परत आले त्यांच्या घरांत माणसं आडवी पडत चालली. पेपरात इन्फ्लुएंझा लिहितात, गावात नुसतं 'मुंबईचा ताप'.

एकजण म्हणाला, मुंबईवाल्यांना शिवेबाहेर मांडव घालून द्या. दोन-तीन माना हलल्या. तेवढ्यात नारायण उठला. "आपलेच व्हय न थे? पेरायले आले बिचारे, मरायले नाई आले." एका विहिरीत पोहायला शिकलो आम्ही दोघं, लहानपणापासूनचा जोडीदार, तरी आज वाटलं की हा खरा सरपंच झाला.

ठरलं असं. शाळेला सुट्टी आहे, आजारी तिथं ठेवायचे. पंचायतीकडून दोन वेळ पेज. विहिरीत औषध. मंगरूळचा सरकारी डॉक्टर आणायचं काम ना.चं. शाळेचं माझ्याकडं, कारण माझा मळा शाळेला लागून, आणि पंचांत मीच एक रिकामा दिसतो म्हणे. घरी गिरजा म्हणाली, "तुमच्याच गळ्यात बरं पडते सारं." आणि चूल मांडायला तीच निघाली.

२४ जून, सोमवार

कोतवालानं दवंडी दिली, पण आपणहून शाळेत कोणी येईना. घरोघर फिरलो.

लक्ष्मणची हालत सगळ्यांत वाईट. पोरगाच आहे अजून. गिरणीत कापसाच्या धुळीनं छाती आधीच खराब, त्यात हा ताप. यायला तयार नाही. "शाळेत कायले नेता? आता काय बाराखडी शिकू?" बोलता बोलता खोकला. त्याची बायको भागा दार धरून उभी. "तिथं नेऊन काय करान भाऊ? घरी मी आहो न."

मी सांगितलं, "डाक्टर येनार आहे. घरोघर नाई फिरनार थो, शाळेतच येनार. सरपंचानं शब्द देल्ला."

तिनं पदर खोचला. मग बाजेच्या एका खुराला स्वतः हात लावला.

वांग्यांना पाणी द्यायचं राहिलं आज.

२५ जून

पेज चालू. ज्वारीच्या कण्या, मीठ, थोडा गूळ. ज्वारी बजारातल्या अडत्या शेठनं दिली. पहिलं पोतं ना.नं स्वतःच्या पाठीवर शाळेत आणलं, पांढरा सदरा घामानं पाठीला चिकटलेला. "सरपंच झालो म्हून पाठ मऊ नाई झाली माही," म्हणाला. विचारलं, शेठ एवढा कसा पाघळला? म्हणे, "गावाचं काम आहे, सांगतलं त्याले."

हेच करायला आपण पंचायतीत गेलो होतो. नुसत्या नाल्या आणि कंदील नाही. मन भरून आलं, लिहून ठेवतो.

२६ जून, बुधवार

बजार. आमच्याच पंचायतीनं यंदा सुरू केलेला. शेलूबाजारचे व्यापारी हसले होते, तुमच्या खेड्यात कोण येते म्हणून. आता गाड्या लावायला जागा नाही. माझी भेंडी, सांबाराच्या हिरव्या जुड्या दुपारपर्यंत संपल्या.

पण माणसाला माणूस घासत होतं, आणि खोकले ऐकू येत होते. ना.ला म्हटलं, दोन-चार बुधवार बंद ठेवायचा का? म्हणाला, "डाक्टर म्हनंल तसं करू." बरोबर वाटलं.

२७ जून

ना.नं सकाळीच शेलूबाजारला पाठवलं, चटया आणि फिनेल आणायला. म्हटलं, कोतवालाला पाठव. "थो काई पन सडकं उचलून आनंल. तू जाय." पूर्ण दिवस गेला. परत आलो तर गिरजा म्हणाली, लक्ष्मण आज पेज प्याला नाही.

२८ जून

डॉक्टर नाही आला. ना. म्हणतो जीप बिघडली. दुसरे लोक बरे होताहेत, दोघं घरी गेले. एकानं जाताना माझ्या पाया पडायला वाकून मलाच लाजवलं.

३० जून, रविवार

लक्ष्मणला श्वास पुरत नाही. ओठ काळसर. भागा पदरानं वारा घालत बसलेली, मी आत गेलो की फक्त दाराकडं बघते, माझ्यामागं कोणी आहे का म्हणून. आज विचारलं, "कवा येते भाऊ?"

ना.कडं गेलो. "उद्या. नक्की उद्या." माझ्याकडं बघून नाही म्हणाला, बैलाच्या मानेवरची गोमाशी उडवत होता.

१ जुलै, सोमवार

दुपारपर्यंत वाट पाहिली. मग कोणाला न सांगता मोटारीनं मंगरूळ. दवाखान्यात गर्दी, दर्ग्याच्या बाजूपर्यंत लोक बसलेले. डॉक्टर तरुण आहे, डोळे लाल, स्वतः तापातून उठलेला असावा. गावाचं नाव सांगितलं तर म्हणाला, "तुमच्याकडं तर काही नाही ना? मी गुरुवारी येऊन गेलो."

मी म्हटलं, गुरुवारी?

"सरपंचांच्या घरी बसलो. साधं पडसं आहे दोघा-चौघांना, म्हणाले. मी शाळा बघू म्हटलं, तर शाळा रिकामीच आहे, पुढं लागली तर म्हणून राखून ठेवली, असं सांगितलं त्यांनी. चहा घेतला, निघालो. मला अजून चार गावं होती."

गुरुवार. चटया. फिनेल.

लक्ष्मणच्या काळ्या ओठांचं सांगितलं. डॉक्टर उठला, पेटी घेतली, जीपमध्ये बसवलं मला. जीप चांगली चालत होती.

शाळेत आल्यावर त्यानं लक्ष्मणच्या छातीला नळी लावली. पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. बाहेर येऊन मलाच रागावला, "इतके दिवस काय करत होता तुम्ही? आधी कळवायचं नाही?" भागा मागंच उभी होती.

२ जुलै

पहाटे लक्ष्मण गेला.

ना. आला. तिरडीला सगळ्यांत आधी त्यानं खांदा दिला. रडला, खोटं नव्हतं ते रडणं, मी ओळखतो त्याला. तेच जास्त…

नदीवरून परतताना मी त्याला मागं थांबवलं.

"तुनं मले चटया आनायले पाठोलं."

"हो."

"डाक्टर तुह्या घरी चहा पिऊन गेला."

"हो." मग एकदम बोलायला लागला. "बजार बंद करनार होता थो, सद्या. शेठनं ज्वारी देतानाच बजावलं होतं. बजार चालू त ज्वारी, नाई त नाई. एकडाव बंद झाला असता त शेलूवाल्याइनं परत भरू देल्ला नसता. शाळेतल्या लोकाइले मंग काय चारलं असतं तुनं? भेंड्या?"

"अन् लक्ष्मन?"

"बाकीचे बरे होऊन राह्यले होते. वाटलं, थोबी होईन."

"मले काहून नाई सांगतलं?"

नदीकडं बघत म्हणाला, "तू कबूल झाला नसता."

एवढंच. मी काय करेन हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणून मला गावाबाहेर काढलं. शत्रूला असं करतात.

३ जुलै, बुधवार

डॉक्टरनं बजार बंद करायला लावला. गाड्या शिवेवरून परत. कोतवाल हात आडवे करून उभा, आणि प्रत्येकाला सांगत होता, "मह्याकडं काय पाह्यता, सदुभाऊले इचारा."

शेठचा माणूस शाळेतून उरलेली ज्वारी उचलून घेऊन गेला. ना. तिथं नव्हता.

पण डॉक्टर सगळ्यांना तपासून गोळ्या देऊन गेला. हेही लिहायला पाहिजे.

४ जुलै

घरची ज्वारी काढली. गिरजानं कणगीत हात घालून अंदाज घेतला.

बजार नाही, तर भाजी कोणाला द्यायची? गवार झाडावरच निबर झाली. शेजारच्या मळ्यातला माझा चुलतभाऊ बांधावरून ओरडला, "घे आता! गाय खाईन तुही भाजी!" त्याचीही तीच गत आहे, तो ओरडणारच.

५ जुलै

पारावर लोक बसले होते. पुढं गेल्यावर मागून आवाज, "सद्यानं बजार खाल्ला." आवाज ओळखला. पाया पडायला वाकला होता तोच.

त्याला मी रोज तीनदा पाणी पाजलं.

७ जुलै, रविवार

सभा. शेठही ओट्याखाली येऊन बसला, पंच नसताना. एक पंच म्हणाला, आता शाळा रिकामी करा, आजार संपला असं कळवा, म्हणजे बजार उघडंल. मी म्हटलं, आत अजून पाच लोक तापात आहेत. "थे घरी नाई राहू शकत का?" कोणी माझ्या बाजूनं बोललं नाही. मी ना.कडं पाहिलं. पंधरा दिवसांमागं याच ओट्यावर तो उभा राहिला होता.

हात वर करायला सांगितले. ना.नं त्यांच्या बाजूनं हात वर केला नाही. माझ्या बाजूनंही केला नाही. सरपंच म्हणून त्याला गरज नाही म्हणे.

शाळा उद्या रिकामी.

८ जुलै

पाचही जणांना आमच्या गोठ्यात आणलं. बैल बाहेर बांधले.

संध्याकाळी गोठ्याच्या दाराशी ज्वारीचं एक गाठोडं. बांधलेलं धोतर ओळखीचं, नारायणचं. गिरजानं सोडलं आणि सरळ जात्याकडं नेलं. मी म्हटलं, परत दे. "तुमी भांडा त्याच्याशी. हे पाच जनं काई त्याच्याशी भांडून नाई राह्यले." दळत बसली.

१२ जुलै, शुक्रवार

गोठ्यातले तिघं बरे. गाठोडं रोज येतं. तो दिसत नाही.

डॉक्टरनं वर कळवलं वाटतं. तहसीलदारानं सोमवारी मंगरूळला बोलावलं, मला आणि ना.ला, आणि भागालाही.

संध्याकाळी भागाकडं गेलो, सांगायला. घर सारवून घेतलं होतं तिनं. म्हटलं, तू घाबरू नको, जे झालं ते सांग, सरपंचाचं नाव घ्यायला भ्यायचं नाही.

ती म्हणाली, "मले सरपंचाचा राग नाई भाऊ. थो माह्या दारात आलाच नोता. डाक्टर येनार म्हून मले कोनं सांगतलं?"

रागानं नाही म्हणाली. खरंच विचारल्यासारखं. मी उंबऱ्याशी उभा होतो. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला, आणि मी तो घेतला.

१५ जुलै, सोमवार

सकाळ. आंघोळ झाली. गिरजानं धुतलेला सदरा काढून ठेवला.

काय सांगायचं, ठरत नाही. सगळं सांगितलं तर नारायणचं सरपंचपद जाईल, मग पंचायत शेठच्या हातात, आणि पुढच्या तापात गोठासुद्धा नाही. नाही सांगितलं तर लक्ष्मण नुसता 'तापानं मेला'. आणि माझा शब्द? तो मी कुठं ठेवू?

बाहेर बैलांची दमणी थांबली आहे. नारायण स्वतः हाकत आला. भागा मागं बसलेली, डोक्यावर पदर घट्ट. तो खाली उतरला नाही. कुंपणावरून आवाज दिला, "सद्या, मोटार भरून येते. चाल, सोबतच जाऊ. तुले जे सांगाचं थे सांग, मी मधात बोलनार नाई."

गिरजा दारातून माझ्याकडं बघते आहे. त्यानं पुन्हा एकदा हाक मारली. मी अजून लिहितोच आहे.