टाकीत गोडं पाणी

प्रिय सूनबाई,

हो, सूनबाईच. कागदोपत्री आता तसं काही उरलेलं नाही हे मला ठाऊक आहे. पण इतक्या वर्षांची जिभेची सवय एका सहीने जात नाही, आणि मला ती घालवायचीही नाही. तुला अवघडल्यासारखं होत असेल तर तसं सांग, मी दुसरं काही शोधेन. नाही सांगितलंस तर मी हेच धरून चालणार आहे.

आधी माझ्या बोटीची खबर देते. तू बसवलेले वॉशर झकास चाललेत. बटण दाबलं की दोन्ही फवारे काचेवर नीट पडतात, वायपर दोन-चार फेऱ्या मारतो आणि पुढचं सगळं लख्ख दिसतं. तुझे सासरेबाबा रोज संध्याकाळी विचारतात, आज दाबलंस का? जसं काही त्यांनीच बसवलेत! त्या दिवशी धक्क्यावर खुर्ची टाकून त्यांच्या तोंडाचा पट्टा कसा सुरू होता, आठवतंय ना? जन्मभर पाण्यात राहणाऱ्या बोटीला वर पाण्याचा फवारा कशाला, असा त्यांचा मुद्दा. मीही मनातून त्यांच्याच बाजूची होते. पण तुझ्या हातात ड्रिल होतं, म्हणून गप्प बसले.

तो दिवस आठवला की अजून नवल वाटतं. तू आली होतीस तुझं सामान न्यायला. चिरंजीव मुद्दामच बाहेरगावी गेले होते. तुमचं दोघांचं कुठे बिनसलं हे मी तुला विचारलं नाही आणि त्यालाही नाही. त्याने एकदा सांगायला सुरुवात केली होती, तेव्हा गॅसवर दूध आहे म्हणून मी उठून गेले. पोटचा मुलगा आहे, त्याची बाजू ऐकली असती तर मला ती पटली असती. तेच मला नको होतं. तर तुझ्या बॅगा दारात आल्या, शिलाईमशीन खोक्यात गेलं आणि आता निरोप कसा घ्यायचा ते मला सुचेना. तुझंही तेच झालं असणार. बॅग खाली ठेवून तू एकदम म्हणालीस, ‘आई, बोटीचे वॉशर राहिलेच की.’

मी तर साफ विसरले होते. कधीतरी मी तुझ्यापाशी कुरकुर केली होती, की खारं पाणी उडून काचेवर वाळतं, त्यावर वायपर फिरवला की पीठ फासल्यासारखं होतं आणि वर ओरखडे पडतात ते वेगळेच. गाडीला असतात तसे वॉशर बसवून देते, असं तू तेव्हा म्हणाली होतीस. माणसं बोलतात तसं बोललीस असं मला वाटलं होतं. पण त्या दिवशी तू गाडीची डिकी उघडलीस तर आत टाकी, पंप, नळी, वायरचं भेंडोळं सगळं तयार. तू काम करतेस त्या गॅरेजमध्ये भंगारात निघालेल्या कुठल्याशा गाडीचं. म्हणजे तू घरून निघतानाच ठरवून आली होतीस. घर सोडायला आलेली मुलगी सासूच्या बोटीचं काम करायचं ठरवून येते, हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही.

मग दुपारभर आपण दोघी बोटीत. भोक पाडायच्या आधी तू त्या जागी चिकटपट्टी लावलीस, म्हणजे फायबरला तडा जात नाही. आधी बारीक भोक, मग मोठं, कडेने सिलिकॉन. टाकी सीटखाली, पंप तिच्या बुडाशी, बॅटरीकडून येणाऱ्या वायरला वेगळा फ्यूज. तू पकड म्हटलंस की मी पकड देत होते, टेप म्हटलंस की टेप. बाईमाणसाने मोटारींच्या वायरिंगचं काम का करावं, असं लग्नाआधी आमच्याकडे कुणीकुणी नाक मुरडलं होतं. त्यांना त्या दिवशी धक्क्यावर आणून बसवायला हवं होतं. आणि पहिल्यांदा बटण दाबलंस तेव्हा फवारा काचेच्या वरून थेट माझ्या तोंडावर! बाबा खुर्चीतून पडायचे बाकी होते हसून हसून. तू मात्र टाचणीने फवाऱ्याचं तोंड तपासत शांतपणे म्हणालीस, ‘बोट वेगात असली की वारा पाणी खाली दाबतो, म्हणून आत्ता वरच हवं.’ आपण एक चक्कर मारली आणि खरंच, पाणी बरोब्बर काचेच्या मध्यावर. निघतानाही आपण वॉशरबद्दलच बोललो. बरं झालं. दुसरं काही बोललो असतो तर मी रडले असते, आणि तुला एवढी लांब गाडी चालवायची होती.

तू एकच बजावलं होतंस, टाकीत गोडं पाणीच भरायचं. आणि मी काय केलं असेल? चहूकडे पाणी असताना घरून कॅन वाहून न्यायचं माझ्या जिवावर आलं. एकदा टाकी रिकामी झाली, तर सरळ मगाने समुद्राचं पाणी भरलं. मिठाने मीठ धुतलं म्हण ना! काच पांढरीफटक आणि एक फवारा बंद. तुला कळवलं तर रागावली नाहीस, फक्त विचारलंस, ‘आई, कुठलं पाणी भरलंत?’ इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की विचारू नकोस. सुईने फवारा मोकळा केला, टाकी धुतली आणि कानाला खडा लावला.

खडा लावला म्हणूनच पुढचं निभावलं. गेल्या आठवड्यात पलीकडच्या किनाऱ्यावरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना घेऊन परत येत होते. वारा सुटलेला, काचेवर सारखे शिंतोडे, आणि सूर्य कलून अगदी समोर. एका वळणावर ऊन काचेवर आलं आणि सगळं पांढरं झालं. नुसता वायपर फिरवला तर आणखीच माखलं. बटण दाबलं. काच धुतली गेली, आणि समोर, अगदी समोर, एक छोटी होडी. वल्हं हातातून निसटलेलं, म्हातारा-म्हातारी दोघं उभं राहून हात हलवत होती. मी बोट कशी वळवली ते मला आजही सांगता यायचं नाही. त्यांच्या अगदी जवळून गेलो. मग इंजिन मंद करून मागे आले, दोर टाकला आणि त्यांना ओढत धक्क्यावर आणलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. नर्सबाईंनी तुझे आभार मानलेत. मी तर धक्क्यावर बसून रडले. पोरी, तुझे उपकार मी कसे मानू? आमचं काही देणं लागत नसताना तू ते काम करून गेलीस, म्हणून आज मी बिनघोर झोपते.

आता हे पत्र का, ते सांगते. परवा तुझं पाकीट आलं. जादा असू देत म्हणून तू आणखी दोन फवारे पाठवलेस, ते जपून ठेवलेत. पण त्यांच्यासोबत कागदात गुंडाळलेली आपल्या घराची किल्ली होती. तुझ्या बाजूने ते रीतसरच आहे, तू कुणाचं काही ठेवून घेणारी नाहीस. पण ती हातात घेऊन मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. बाबांनी पाहिलं आणि एवढंच म्हणाले, ‘परत पाठव.’ चिरंजीवांना मी विचारलेलं नाही, घर आमचं आहे. तेव्हा किल्ली या पत्रासोबत परत येते आहे. उद्या तुझं नवं घर होईल, नवी माणसं येतील, मला आनंदच होईल. त्या घराच्या किल्लीशेजारी हीही राहू दे. आणि येशील तेव्हा बेल वाजवू नकोस. वाजवलीस तर मी दार उघडणार नाही, सांगून ठेवते.

तुझीच,
आई