उत्तम पुरुषाची प्रार्थना

रविवार, ता. ३
वस्तुस्थिती क्रमाने नोंदवतो. प्रथम : आपल्या चर्चचे ऑर्गनवाले आज पिऊन आले. द्वितीय : गीताच्या तिसऱ्या कडव्यात त्यांनी स्वरपट्टीवर डोके टेकले, आणि मंडळीने तो सूर समजून गायला. तृतीय : पतित बंधूसाठी निर्दोष प्रार्थना करू शकेल असा येथे एकच मनुष्य आहे. नम्रतेमुळे नाव लिहीत नाही.

पाळकसाहेब "त्याला क्षमा कर" म्हणतात. "त्याला" म्हटले की सगळे ऑर्गनकडे बघतात. मध्यस्थाने पाप्याच्या जागी उभे राहून "मी" म्हणावे. संस्कृत व्याकरणात "मी"ला उत्तम पुरुष म्हणतात, ते उगाच नव्हे.

बुधवार, ता. ६
प्रार्थनासभा. अभूतपूर्व यश! "प्रभो, मी पडलो. बाटलीने मला जिंकले. चारचौघांत मिरवतो आणि घरी लपून पितो." शेवटी आवाज किंचित कापरा ठेवला. एवढे मोठे "आमेन" या छपराखाली कधी ऐकले नव्हते. पाळकसाहेब हात धरून म्हणाले, "सर, धैर्य लागतं हो याला!" धैर्य नव्हे. अभ्यास.

शनिवार, ता. ९
सौ. बाजारातून तणतणत आली. "कधीपासून पिताय?" प्रश्न वाक्यरचनेचा आहे, हे मी शांतपणे समजावले. म्हणाली, "रचना घाला चुलीत! अख्खं चर्च माझ्या गळ्यात पडून रडतंय."
अडाणी लोक. उद्या दोन वाक्यांत संपवतो.

रविवार, ता. १०
संपले नाही. शास्त्रपाठ वाचण्याचा माझा मान दंतवैद्याला दिला. त्याने "पश्चात्ताप"चा "पश्चाताप" केला. मी उठून म्हणालो, मी पीत नाही. पाळकसाहेब म्हणाले, "सर, सुरुवातीला सगळे हेच म्हणतात." मग माझ्यासाठी प्रार्थना करायला डोक्यावर हातच हात. उठता येईना. नकार जितका शुद्ध, तितके हात जड.
बुधवारी लेखी खुलासा वाचणार. चार पाने, तळटीपांसह.

बुधवार, ता. १३
सभेला निघालो तोच ऑर्गनवाले दारात. दाढी केलेली, डोळे स्वच्छ. म्हणाले, "सर, तुमच्यासारखा ताठ माणूस उभा राहून कबूल करतो, मग मी कोण लागून गेलो? त्या दिवसापासून थेंब नाही. तुम्ही टिकलात तर मी टिकेन." आता रोज संध्याकाळी येऊन बसणार आहेत. एकमेकांवर लक्ष ठेवायला.
सौ. आतून म्हणाली, "वाचा की आता तो खुलासा!"
वाचला तर हा मनुष्य पुन्हा बाटलीकडे. न वाचला तर शास्त्रपाठ जन्माचा गेला.
घसा बसल्याचे कळवून घरीच राहिलो. सभेने बसलेल्या घशाचाही अर्थ लावला म्हणे.

रविवार, ता. १७
ऑर्गन अचूक वाजला. एक सूर चुकला नाही. मी पहिल्या बाकावर, दोन सद्गृहस्थांच्या मध्ये. दोघेही माझा श्वास हुंगत होते.
प्रभो, प्रार्थना मान्य झाली, हे मला मान्य आहे. परंतु सुटका एकाची आणि पाप अर्जदाराच्या नावावर, हे कोणत्या नियमाने? खुलासा व्हावा. पाळकसाहेबांमार्फत नको, ते अशुद्ध लिहितात. उत्तर लेखी द्यावे.