चिंचेखालचं कॅन्टीन

तलासरी,
२८ मे

प्रिय तुषार,

पाकिटावरचा पत्ता बघून तू दचकला असशील. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. आधी सगळं वाचून घे, मध्येच फाडू नकोस. शुक्राकाका गेल्यापासून तुझा फोन बंद लागतो, म्हणून पत्र लिहितो आहे. आधी कच्चं लिहिलं, मग ते तपासून हे पक्कं लिहिलं. तरी कुठे खाडाखोड दिसली तर तिथे माझा हात अडला असं समज.

पत्रात आधी घरी सगळे खुशाल आहेत असं लिहितात. तसं लिहवत नाही. पुष्पाकाकी फार वाळली आहे. तुझ्या बाबांचा दिवस अजून घातलेला नाही. विवळवेढ्याची चैत्रातली जत्रा उठली आणि त्याच आठवड्यात काका गेला. फोन बंद व्हायच्या आधी तुझा एवढाच निरोप आला, परीक्षा चालू आहे, निघता येत नाही. पाड्यावर कोणी वावगा शब्द काढला नाही. उलट बाबल्याकाकाने भावाला अग्नी देऊन आल्यावर ओट्यावर बसून सगळ्यांना ऐकवलं की आपला पोरगा पेपरला बसला आहे, बाप जिता असता तर त्यानेही त्याला मध्ये उठू दिलं नसतं. हे सांगताना तो रडत होता, आणि तरीही त्याच्या बोलण्यात ऐट होती.

तेव्हापासून काकी रोज संध्याकाळी पळसाच्या पानावर चार घास काढून दाराबाहेर ठेवते. दिवस होईपर्यंत तो अजून वाटेतच आहे, त्याला उपाशी कसं ठेवायचं, असं म्हणते. बाबल्याकाका तिच्या मागे लागला आहे. भाताचे राब भाजून झाले, पाऊस लागला की पेरणी सोडून कोण जमणार, आताच उरकू या, म्हणतो. काकी हलत नाही. माझा मोठा मुलगा आल्याशिवाय नाही, त्याची परीक्षा कधीतरी संपेलच ना, एवढंच तिचं बोलणं.

आता माझं. या उन्हाळ्यात मला काम मिळालं आहे. इथल्या एका संस्थेने बारावी झालेल्या मुलांसाठी वर्ग काढला आहे, कॉलेजात जायची तयारी करून घ्यायला. मी अर्ज शुद्ध लिहितो म्हणून मला घेतलं. तुला हसू येईल. बारावी अर्धी टाकून घोलवडच्या वाड्यांत चिकू उतरवायला गेलेला मी, आणि मुलं मला सर म्हणतात. बाबल्याकाका रस्त्यात अडवून विचारतो, काय प्रोफेसर, आज पोरांना कुठलं न बघितलेलं गाव दाखवलंत?

सकाळी दाखले, अर्ज, बँकेचं खातं ही कामं असतात. ती मला जमतात. दुपारचा तास मात्र कॉलेजात राहायचं कसं याचा, आणि तोही माझ्याच गळ्यात पडला. पहिल्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मग तू आठवलास. दिवाळीला तू यायचास, आश्रमशाळेच्या मागे चिंचेखाली आपण बसायचो आणि तू सांगत राहायचास. मी तेच शिकवलं. मेसमध्ये भात हवा तर आधी रांग लावायची. प्रॅक्टिकलला उशीर झाला तर पळून न जाता दारात उभं राहून विचारायचं. कळलं नाही तर तास संपल्यावर सरांकडे जायचं, ते रागावत नाहीत. आणि कॅन्टीन. मोठ्या चिंचेखाली बाकडी टाकलेली, तिथे सगळ्या गावांची मुलं एकत्र चहा पितात, कोणी कोणाला तुझा पाडा कुठला असं विचारत नाही.

मुलांना कॅन्टीन फार आवडलं. सुक्या म्हणून एक वात्रट पोरगा आहे. तो विचारायचा, सर, तिथल्या चिंचा फुकट की विकत? जमनाला तू ओळखतोस. तुझ्या घराच्या खालच्या अंगाला राहते, तू गेलास तेव्हा दहावीत होती. तिला तुझ्याच कॉलेजात प्रवेश मिळतो आहे. वर्गात सगळ्यांत हुशार तीच आणि सगळ्यांत भित्रीही तीच. नाशिकच्या पुढे एकटीने राहायचं म्हटलं की तिचा चेहरा उतरतो. मग मी तिला चिंचेची आठवण करून देतो.

मी संस्थेच्या मागे लागून एक गोष्ट करून घेतली. प्रवेश पक्का करण्याआधी मुलांनी एकदा तिथे जाऊन यायचं, म्हणजे पहिल्या दिवशी परकं वाटत नाही. त्यांनी गाडी दिली. मंगळवारी आम्ही गेलो. तुला कळवलं नव्हतं, फोन लागतच नव्हता. वाटलं, तुला होस्टेलवर गाठू आणि मुलांपुढे उभं करू. काकीने तुझ्यासाठी तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून दिली होती.

कॉलेज मोठं आहे, स्वच्छ आहे. कॅन्टीन गाड्या लावतात तिथे, पत्र्याच्या छपराखाली आहे. आसपास चिंच नाही. सुक्या म्हणाला, तोडली असेल. मी हो म्हणालो. मग मुलांना तिथे बसवून मी एकटा होस्टेलवर गेलो. तिथल्या वॉचमनला तू आठवत होतास. म्हणाला, तो तर पहिल्याच वर्षी दिवाळीनंतर गेला. शांत पोरगा, संध्याकाळी या पायरीवर बसून असायचा. आता हायवेच्या कडेला कांद्याच्या खळ्यावर दिसतो कधीकधी. भाकरीचं पुडकं माझ्या हातात होतं. मी त्याला तुझं नाव पुन्हा विचारलं, आडनावासकट.

परतताना मी ड्रायव्हरला खळ्यासमोरच्या टपरीवर थांबायला सांगितलं. मुलं चहा पीत होती. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. ताडपत्रीखाली ढिगापुढे बसून तू कांदे निवडत होतास. घाम पुसायला तू डोक्याचा रुमाल काढलास. मुंडण केल्यावर केस जसे उगवतात, तसे तुझे केस होते. म्हणजे बाबांचं तू तिकडे एकट्याने केलंस. हाक माझ्या तोंडापर्यंत आली होती. पण मागे वळलो तर जमना उभी होती, आणि तिनेही तुला ओळखलं होतं. खळ्याच्या पाटीवरचा पत्ता टिपून घेतला आणि मी तिला घेऊन गाडीत जाऊन बसलो.

जव्हार मागे पडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "सर, नाही जमलं तर परत कसं यायचं, ते तुम्ही शिकवलंच नाही."

तुझ्या भाकरी तोवर सुक्याने संपवल्या होत्या. काकी दारातच वाट बघत होती. म्हणाली, खाल्ल्या का त्याने? मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी आश्रमशाळेच्या मागे जाऊन एकटाच बसलो. आपण बसायचो ते मोडक्या पायाचं बाकडं अजून चिंचेखाली तिथेच आहे, खाली दगड लावलेलं. शेजारच्या पाड्यांची मुलं चिंचा पाडत होती, एकमेकांना वाटत होती. तुझं कॅन्टीन मला तिथे दिसलं.

हे पत्र जाब विचारायला लिहिलेलं नाही. कॉलेज का सोडलंस ते तुला वाटेल तेव्हा सांग, नाहीतर नको सांगूस. मी काकीला काय सांगितलं ते तुझ्या कानावर असावं, एवढ्यासाठी लिहिलं. मी सांगितलं की तुषार भेटला, बरा आहे, आणि त्याची परीक्षा संपली. तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं, मग बाबल्याकाकाला बोलावून दिवस ठरवून टाकला. जूनचा दुसरा रविवार, पाऊस थांबला तर. जमनाने प्रवेशाचं अजून नक्की केलेलं नाही. मी काही म्हटलं तर मान हलवते. पण त्या रविवारी सकाळपासून तुमच्या ओट्यावर येऊन बसणार आहे, असं तिने आपणहून सांगितलं. आदल्या दिवशी मी तलासरी नाक्यावर उभा असेन, शेवटची बस येईपर्यंत. पाड्यावर कोणी काही विचारणार नाही. विचारलंच तर एवढंच म्हण की संपली.

वाट बघणारा,
तुझाच
रवींद्र