धावपट्टीसमोरची खोली

४ मे

तीनदा गणित केलं. उत्तर तेच!

उड्डाणाच्या ऐन वेगात एक इंजिन बंद पडलं, तर उरलेल्या इंजिनावर विमान किती वजन घेऊन चढेल, हे काढणं माझं काम. वाटेतल्या प्रत्येक अडथळ्यावर पस्तीस फूट मोकळे राहायला हवेत. नकाशात धावपट्टीपुढे नुसतं माळरान आहे. माळरान! तिथं आमची वस्ती आहे. सगळ्यात उंच घर आमचं, आणि त्याच्या डोक्यावर ही माझी खोली. कडक उन्हात, विमान गच्च भरलेलं असताना या छपरावर उरतात नऊ फूट. तेही वैमानिकाचा हात जरासुद्धा चुकला नाही तर.

५ मे

आमच्या विभागप्रमुखांना दाखवलं. "नकाशात नाही ना? मग नाही."

"सर, मी तिथं राहते!"

"मग जरा वाकून राहा." सगळे हसले.

नंतर बाजूला घेऊन म्हणाले, "लेखी दिलंस तर मोजायला माणसं येतील. सगळ्यात आधी काय पाडतील, कळतंय ना?"

कळतंय.

६ मे

काही लिहवत नाही.

९ मे

बाबा गवंडी. दिवसभर लोकांची घरं बांधून आले की उरल्या उजेडात ही खोली बांधायचे. "पोरगी शिकतेय, तिला दार लावून बसायला जागा नको?" — गल्लीभर सांगत सुटायचे. घरातली पहिली पदवी इथं बसून मिळवली. आणि त्या पदवीनं शिकवलं काय? तर ही खोली नको!

११ मे

आईला सांगत होते, बाबांनी ऐकलं.

"बंद पडलंय का कधी इंजिन?"

"नाही, पण—"

"इतकी वर्षं डोक्यावरून जातायत. आजच बरं तुला घर आडवं आलं!"

ताटावरून उठले. आई म्हणाली, "नोकरी सोड हवं तर. पण हे लिहून देऊ नकोस गं."

नकाशात आमची वस्ती नाही, हे कळवणारं पत्र तयार आहे. पाठवत नाही. एका विमानात दीडशे माणसं असतात, आणि मी गप्प! शाळेत प्रामाणिकपणावर निबंध लिहायचे मी. भेकड!

१४ मे

झालं. दुपारी जमीन सोडतानाच एक इंजिन गेलं. मी कचेरीत, बाबा गच्चीवर. विमानाचं पोट त्यांच्या डोक्यावरून गेलं, वाळत घातलेले कपडे उडाले. फिरून परत उतरलं. सगळे सुखरूप.

"बघ! गेलं की नाही वरून?" — प्रमुख.

मी त्या फेरीचं वजन काढून पाहिलं. निम्म्या जागा रिकाम्या. लग्नाचं एक वऱ्हाड बस बिघडून वाटेत अडकलं, म्हणून! आमच्या गणितात कुठं होतं ते वऱ्हाड?

घरी येऊन बाबांना हेच सांगितलं. मग त्यांच्यासमोरच मोबाइलवरून पत्र पाठवलं. ते उठून बाहेर गेले.

आता या घरात मला कोण माफ करणार?

१५ मे

डोक्यावर घणाचे घाव, त्यानंच जाग आली. धावत बाहेर आले. बाबा छपरावर, धुळीनं पांढरे झालेले.

"बघत काय उभी राहिलीस? किती फूट उतरवायचं, तेवढं सांग."