मशीनचा मासा

शनिवार, १४ जून २००३, बॉथेल, अमेरिका

परवा माझं परतीचं विमान. नातीला ताज्या माशाचं कालवण खाऊ घालायचं म्हणून आम्ही मायलेक तिसऱ्यांदा तळ्यावर गेलो. इथला लेक ट्राउट मासा खोल पाण्यातला, होडीमागे गळ हळूहळू ओढावा लागतो. पण आमचे चिरंजीव होडी हाकतात ऑफिसला उशीर झाल्यासारखी!

म्हटलं, "हळू चालव, गळ वर येतोय."

"आई, मासे शोधायच्या मशीनवर खालचे मासे दिसतायत. डोन्ट वरी!"

दिसतायत तर मशीनच तळून खा! कोळ्याच्या घरात जन्म गेला माझा, पण ऐकतो कोण?

तो सँडविच खायला बसला तेव्हा मी सुकाणू धरलं, वेग कमी केला, गळ खोल जावा म्हणून दोरीला शिसं वाढवलं. थोड्याच वेळात मासा लागला, गळाची काठी वाकली.

"बघ आई, मशीन बरोबर सांगत होतं!"

कालवण उकळतंय. पहिलं ताट मशीनपुढे ठेवणार आहे.