बाबांच्या जागेवरून

इस्तंबूल, ६ ऑक्टोबर १९९७, सोमवार

ओरडले! मोठ्या बाजाराच्या मागच्या गल्लीत, चाळीस पुरुषांमध्ये, बाबांच्या जागेवर उभी राहून ओरडले. "दीडशेला घेते!" पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा कबुतरं उडाली.

"सिर्रीची पोर आहे," कोणीतरी म्हणालं. "तिला कविता म्हणायला सांगा."

बाबांच्या घशाच्या शस्त्रक्रियेला तीन आठवडे होत आले. डॉक्टरांनी दोन आठवडे मौन सांगितलं होतं. आवाज अजून नाही. गल्लीत जागा महिनाभर रिकामी राहिली की दुसऱ्याची होते. म्हणून मी.

७ ऑक्टोबर

बाबा पाटीवर लिहून शिकवतात. डॉलर एक लाख पंचाहत्तर हजार लिरांच्या वर आहे, हे सगळ्यांना ठाऊक. ते कोणी बोलत नाही. बोलायचं ते फक्त त्यावरचं शेपूट – दीडशे, दोनशे. कागद नाही, सही नाही. "घेतले" म्हटलं की घेतले, "दिले" म्हटलं की दिले. आणि ओरडलेला भाव "मागे!" म्हणेपर्यंत जिवंत. हे त्यांनी दोनदा लिहिलं, खाली रेघ मारली.

साहित्याच्या चार वर्षांत शब्दाची एवढी किंमत कोणी सांगितली नव्हती.

९ ऑक्टोबर

आज बँकेचा फोन. फिक्रेत बे, तिथले साहेब, जेवल्यासारखा संथ आवाज. "पाच लाख डॉलर. भाव?"

घ्यायचेत की द्यायचेत, सांगत नाहीत! मुद्दामच. घेण्याचा आणि देण्याचा, दोन्ही भाव मलाच द्यायचे, मग ते बाजू निवडणार. म्हणजे खोटं बोलायची सोयच नाही. मी म्हटलं, "तीनशे, चारशे."

"दिले, तीनशेला."

पुढच्या क्षणी मी गल्लीत ओरडत होते आणि ते तुकड्या-तुकड्यांनी खपत होते. बँकेचे डॉलर दोन दिवसांनी पोचतील. शब्द पोचलाही.

आमच्या दुकानाच्या खिडकीत आई पर्यटकांना डॉलर बदलून देते. तिथे दोन भावांत दोन हजारांचं अंतर. बँकेला शंभराचं. आईला विचारलं, असं का? "त्यांना परत जायचं असतं," ती म्हणाली. "यांना उद्या परत यायचं असतं."

१० ऑक्टोबर

स्वप्नातही "घेतले" ओरडले म्हणे. शेजारणीने भिंत ठोकली!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

गाढव मी.

सकाळी ओरडले, "चारशेला देते, दोन लाख!" कोणी हूं की चूं नाही. तेवढ्यात चहा आला. म्हातारे आगोप अमजा, गल्लीत सगळ्यांचेच काका, आपल्या सासूचा किस्सा सांगत होते. मी हसत बसले. "मागे" म्हणायचं राहून गेलं.

अंकाऱ्याहून कसलीशी बातमी आली. भाव एका दमात सातशेवर!

कोपऱ्यातून वेदात – गल्लीतला जुना दलाल, रुंद मिशीवाला – शांतपणे म्हणाला, "घेतले. दोन लाख, चारशेला. सिर्रीच्या पोरीकडून."

आगोप अमजांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"वेदात, लाज बाळग," आगोप अमजा म्हणाले. "पोर नवी आहे. सोड."

"सोडतो की. तिने नुसतं म्हणावं."

चाळीस जण माझ्याकडे बघत होते. दर डॉलरला तीनशे लिरांचा तोटा. दोन लाख डॉलर. गेल्या वर्षी शाळेत महिनाभर निबंध तपासून मिळाले, तेवढे. "सोड" म्हटलं असतं तर सोडलंही असतं, प्रेमाने. आणि उद्यापासून मी पाहुणी.

"दिले," मी म्हटलं. आवाज चिरकला.

घरी सगळं सांगितलं. बाबांनी लिहिलं: शब्द मोडलास? मी मान हलवली, नाही. त्यांनी पुसलं, लिहिलं: जेवून घे. आणि भिंतीकडे तोंड केलं. खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत.

१५ ऑक्टोबर

गल्लीत शिरले तर माझ्या जागी चहाचा पेला. वाफ येणारा. वेदातने पाठवलेला.

"निगार हानिम," तो लांबून ओरडला, "भाव?"

हानिम! बाईसाहेब! पोर नाही!

मग सगळेच – निगार हानिम, इकडे! निगार हानिम, तीन लाख! दुपारपर्यंत घसा बसला. मला नाचावंसं वाटत होतं. दोनदा "मागे!" ओरडले, उगीच, नुसत्या आनंदाने. आगोप अमजा म्हणाले, "बाप असाच होता. पहिल्या वर्षी बुडाला, मग त्याच्याशिवाय कोणाचं पान हलेना."

१७ ऑक्टोबर

खड्डा निम्मा भरला. बाबांनी पाटीवर लिहिलं: मध घे.

१९ ऑक्टोबर, रविवार

बाजार बंद. मावशीकडे गेले, ती घरी नव्हती, लवकर परतले. जिन्यातच ऐकलं. "अरे आंधळ्या, तो ऑफसाइड होता!" तोच आवाज, खणखणीत, तीन मजले भरून. मग आई: "हळू! दोन आठवडे लपवलंत, आणि आता एका गोलासाठी..."

चपला हातात घेऊन खाली उतरले. रस्त्यापर्यंत. मंगळवारचे ते हलणारे खांदे आता कळले, हसत होते. मग गाणं म्हणत, पाय आपटत वर आले. दार उघडलं तेव्हा पाटी त्यांच्या मांडीवर होती.

"आवाज?" मी विचारलं.

त्यांनी लिहिलं: अजून नाही.

"घाई नाही," मी म्हटलं. "गल्लीत मी आहे."