टिटवीचं घड्याळ

९ फेब्रुवारी, सोमवार

फोडलं! आठ दिवस झाले नाहीत घड्याळ येऊन, आणि फोडलं.

टिटवीच्या दप्तरातून डबा काढायला हात घातला तर मोज्यात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. काच मधोमध तडकलेली, मागचं झाकण सैल. बटण दाबलं – काळं ठिक्कर.

"काय झालं याचं?"

"पडलं."

"कुठे?"

"पडलं ना आई. माझ्याकडून पडलं."

एवढंच. मान खाली. रडणं नाही, चुकलं म्हणणं नाही. तिचे बाबा बोटीवर. तिथून कुठल्याशा बंदरातून लेकीसाठी शोधून पाठवलेलं हे – पळताना किती अंतर झालं, किती वेगात, छातीचे ठोके किती, सगळं मोजणारं. आलं त्या दिवशी झोपतानाही काढलं नव्हतं मनगटावरून. आणि आता मोज्यात लपवून मोकळी! फुटलं त्याचं एवढं नाही, लपवलं ते लागलं मला.

मग मी बोलले ते बोललेच. "तुला वस्तूंची कदर नाही, माणसांची तरी आहे का?" असंही काहीतरी म्हणाले. अण्णा आतल्या खोलीत बसून ऐकत होते. एरवी नातीला कुणी बोललेलं त्यांना खपत नाही. आज मूग गिळून बसले.

१० फेब्रुवारी, मंगळवार

पंधरा दिवस मैदान बंद. सरांना फोन करून सांगून टाकलं.

सर म्हणाले, "ताई, एकवीसला निवड चाचणी आहे हो. हे आत्ताच नको."

म्हटलं, शिस्त आधी.

फोन ठेवून टिटवीकडे बघितलं. वाटलं, आता तरी भांडेल. टिटवी हे नाव अण्णांनीच ठेवलंय – पाय लांब, आणि जमिनीला टेकायला तयार नाहीत म्हणून. पळणं म्हणजे जीव की प्राण. पण "बरं" म्हणाली आणि आजोबांचा चहा गाळायला गेली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

विचारलं तर बोलते. नाहीतर नाही. पळायचे बूट धुऊन खिडकीत वाळत ठेवलेत. वाळून दोन दिवस झाले. उचलत नाही.

अण्णांनी आज दोनदा विचारलं, "पोरगी आज मैदानावर गेली नाही?" दोन्ही वेळा मीच उत्तर दिलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज चाचणी.

सकाळी सहापासून गॅलरीत उभी होती. केस घट्ट बांधलेले, पळायला जाताना बांधते तसे. मला दिसलं. "जा, अजून वेळ आहे" – ओठांवर आलं होतं. म्हणाले नाही. एकदा दिलेली शिक्षा मागे घेतली तर उद्या ऐकेल का कुणी, असं वाटलं.

आठ वाजता आत आली. केस सोडले. अभ्यासाला बसली.

दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत आज दिवसभर लोकांना सांगत होते – श्वास घ्या, धरून ठेवा. मला स्वतःलाच नीट घेता येत नव्हता.

२४ फेब्रुवारी, मंगळवार



दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एक दुरुस्तीवाला बसतो. फोन, घड्याळं, कानातली यंत्रं, सगळं करतो. जेवणाच्या सुट्टीत टिटवीचं घड्याळ त्याला दाखवलं. म्हटलं, झालं दुरुस्त तर परवा हातात ठेवीन, संपेल हा अबोला. त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"ताई, हे पडलेलं नाही."

"मुलगी स्वतः सांगतेय, पडलं म्हणून."

"पडलं की कोपऱ्यावर मार बसतो. इथे कोपरे नवेकोरे आहेत. हे मागून उघडलंय. बारीक पात्याने. बघा ना, कडेला ओरखडासुद्धा नाही! हात कसलेला आहे. फक्त हे कसलं घड्याळ आहे, तेच त्या माणसाला कळलेलं नाही. आतली पट्टी तोडली आणि दाबून काच घालवली."

"होईल का नीट?"

"नाही हो. हे गेलं."

मी तिथल्या स्टुलावर बसले. कसलेला हात! चाळीस वर्षं त्या हाताने घड्याळं दुरुस्त केली. तीन हात रुंदीचं दुकान, त्यात अण्णा आणि मी. शाळा सुटली की मी तळहातावर त्यांचे स्क्रू धरून बसायचे. श्वास जोरात सोडला तरी ओरडायचे, "उडतील गं!"

घरी येऊन त्यांचा खण उघडला. हत्यारांच्या फडक्यावर काचेचा पेला उपडा घातलेला – धूळ बसू नये म्हणून घालायचे तसा. पेल्याखाली तिळाहून बारीक दोन स्क्रू.

"अण्णा, कुणाचं घड्याळ उघडलं होतं?"

"बंद पडलेलं आलं होतं एक," ते म्हणाले. "काटेच नव्हते बघ त्याला! कुणी घातले नाहीत की पडले, कोण जाणे." आणि हसले. माझे अण्णा. अगदी नेहमीसारखे.

टिटवीला जिन्यात गाठलं. तिथेच विचारलं, का नाही सांगितलंस?

"तू त्यांना ओरडली असतीस."

"अगं, पण तुला ओरडले ना मी! नको ते बोलले!"

"मला चालतं. त्यांना मी नुसतं विचारलं, आजोबा माझं घड्याळ कुठंय, तर कुठलं घड्याळ म्हणाले आणि रडायलाच लागले. ते सगळं विसरतात आई, पण कुणी ओरडलं ते विसरत नाहीत. दिवसभर तसेच बसून राहतात. कशासाठी ते आठवत नाही, नुसतं वाईट वाटत राहतं त्यांना."

"कधीपासून चाललंय हे?"

"सहामाहीच्या आधीपासून." जिन्याच्या कठड्याचा रंग नखाने खरवडत होती. "संध्याकाळी बसस्टॉपवर बसतात. घर कुठल्या बाजूला ते कळत नाही. मी मैदानावरून तिकडूनच येते. मग आम्ही दोघं येतो."

"आणि हे पंधरा दिवस?"

"शाळा सुटली की मी तिकडे पळत यायचे."

एकाच घरात राहतो आम्ही. पंधरा वर्षांच्या पोरीला दिसलं, आणि मी लोकांच्या आतलं बघायचा पगार घेते!

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सरांकडे जाऊन आले. हात जोडले. यादी गेली वर. "तिची जागा पक्की होती हो ताई," म्हणाले. मुद्दाम नाही, सहज म्हणाले. म्हणूनच जास्त लागलं.

टिटवीला म्हटलं, मला माफ कर.

"पुढच्या वर्षी पाय अजून लांब होतील माझे," म्हणाली आणि हसली. मग न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता. मी दाराबाहेर उभी राहिले, कडी वाजवायचं धाडस झालं नाही.

५ मार्च, गुरुवार

डॉक्टरांनी अण्णांच्या पुढ्यात कागद ठेवला. "आजोबा, एक घड्याळ काढा बरं. अकरा वाजून दहा मिनिटं झालीत असं."

"एवढंच ना?" अण्णा म्हणाले.

गोल काढला. हाताने इतका सुरेख गोल मी कधी पाहिला नाही. मग आकडे घालायला लागले. एक, दोन, तीन... बाराच्या बारा उजव्या अंगाला, एकाखाली एक, दाटीवाटीने. डावी बाजू कोरी. काट्यांचं नावच नाही. त्यांनी कागद थोडा लांब धरला, भुवया आक्रसल्या. काहीतरी चुकलंय एवढं त्यांना कळलं. काय चुकलंय ते कळेना. पेन्सिल तशीच हातात.

"काढलंय कुणी हे?" हळूच मला विचारलं.

"मी अण्णा," मी म्हणाले. "मला नाही जमलं."

त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. "जमेल. घाई करायची नाही."

बाहेर आल्यावर माझ्या आईची फार आठवण आली.

८ मार्च, रविवार

टिटवीने कुठूनतरी जुनं गजराचं घड्याळ आणलंय. रोज आजोबा ते उघडतात, पुसतात, लावतात. ती समोर तळहात पसरून बसते.

बाबांना तिने फोनवर सांगितलं, माझ्याकडूनच पडलं. मी खुणेने नको म्हणत होते. ऐकलं नाही.

१९ मार्च, गुरुवार

टिटवीच्या बाईंचा फोन. "आता बरं वाटतंय का तुम्हाला? परवा पालकसभेला तुम्ही नव्हता. आजारी आहात म्हणाली ती."

मला कुणी कळवलंच नाही, म्हटलं. त्या म्हणाल्या, "चिठ्ठी दिली होती की. तुम्ही सही करून पाठवलीत."

टिटवीला विचारलं. "जाऊ दे ना आई," म्हणाली. किती हळू म्हणाली! "मी तीनदा आठवण करून दिली होती. होतं असं."

चिठ्ठी मागून घेतली. सही माझीच आहे.